‘लोक काय म्हणतील’ हे शरीराला कसं कळतं

जर्मनीत ट्रिअर नावाचं एक शहर आहे, तिथल्या विद्यापीठातल्या तीन संशोधकांनी १९९३ मध्ये एक चाचणी छापली. प्रयोगशाळेत माणसाला हमखास टेन्शन कसं आणायचं याची ती पद्धत, आणि आजही जगभर तीच वापरतात. त्यात ना शॉक, ना मारझोड. तुम्हाला सांगतात की तुम्ही नोकरीच्या इंटरव्ह्यूला आलायत असं धरा, तयारीला दहा मिनिटं घ्या आणि मग पाच मिनिटं स्वतःबद्दल बोला. समोर तीन जण बसलेले. ते हसत नाहीत, मान हलवत नाहीत, नुसते बघतात आणि काहीतरी लिहून घेतात. तुम्ही मधेच अडकलात तर म्हणतात, वेळ शिल्लक आहे, बोला. ते संपतंय तोवर दुसरं काम देतात, १०२२ मधून तेरा-तेरा वजा करत जायचं, मोठ्याने आणि पटापट. १००९, ९९६, ९८३... चुकलात की थंडपणे, ‘चूक, परत १०२२ पासून’.

एवढंच आहे सगळं, पण यात बहुतेकांच्या लाळेतलं कॉर्टिसोल दुप्पट ते चौपट होतं.

आता कॉर्टिसोल म्हणजे काय ते बघू, कारण हल्ली इन्स्टाग्रामवर ते व्हिलन झालंय आणि तसं ते नाहीये. धोका दिसला की मेंदूतून दोन निरोप निघतात. पहिला मज्जातंतूंमधून थेट जातो, काही सेकंदात अ‍ॅड्रेनॅलिन सुटतं, छाती धडधडते, तळहातांना घाम येतो, तोंड कोरडं पडतं. दुसरा निरोप रक्तातून, टप्प्याटप्प्याने जातो, म्हणजे हायपोथॅलॅमस, मग पिट्युटरी ग्रंथी, मग मूत्रपिंडाच्या वर बसलेल्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी, आणि तिथून कॉर्टिसोल बाहेर पडतं. याला वेळ लागतो, म्हणून ट्रिअरच्या चाचणीत त्याची पातळी सगळं संपल्यावर दहा-वीस मिनिटांनी सर्वात वर असते. बॉससमोरचं प्रेझेंटेशन होऊन जातं, आपण चहा घेत असतो आणि तरी अंग आतून तापलेलंच असतं, त्याचं एक कारण हे. कॉर्टिसोल रक्तात साखर मोकळी करतं, तात्पुरती नको असलेली कामं मागे ढकलतं. तुम्ही सकाळी उठता त्यातही त्याचा हात असतो. ते वर जाण्यात काहीच वाईट नाही, महिनोन्‌महिने खाली यायचं विसरलं की मात्र झोप, पचन, प्रतिकारशक्ती सगळ्याचं गणित बिघडायला लागतं.

मला यातला खरा इंटरेस्टिंग भाग पुढचा वाटतो. डिकरसन आणि केमेनी या दोघी मानसशास्त्रज्ञांनी २००४ मध्ये अशा २०८ अभ्यासांची एकत्र छाननी केली, वेगवेगळ्या लोकांनी वेगवेगळ्या प्रकारे ताण दिला होता, कुठे अवघड गणितं, कुठे मोठा आवाज, कुठे भाषण. मग कॉर्टिसोल नेमकं कशाने जास्त वाढतं? काम अवघड असणं हे काही त्याचं मुख्य उत्तर नव्हतं. दोन गोष्टी सापडल्या, एक म्हणजे कुणीतरी आपल्याला जोखतंय आणि त्यात आपण कमी पडू शकतो ही भीती, आणि दुसरी, काहीही केलं तरी निकाल आपल्या हातात नाही ही भावना. दोन्ही एकत्र आल्या की आकडा सर्वात वर जातो आणि खाली यायलाही सर्वात जास्त वेळ लावतो. म्हणजे ज्याला आपण ‘लोक काय म्हणतील’ म्हणतो, आणि ज्यावरून मोठी माणसं आपल्याला ‘एवढं काय मनावर घेतोस’ असं ऐकवतात, ते शरीराच्या हिशोबात धोक्यांच्या यादीत बरंच वर आहे.

थोडं मागे जाऊन सांगतो. स्ट्रेस हा शब्द वैद्यकात गाजवला हान्स सेल्ये यांनी. जन्म व्हिएन्नाचा, काम कॅनडातल्या माँट्रियलला. १९३६ साली त्यांनी ‘नेचर’मध्ये एक छोटंसं टिपण छापलं. उंदरांना थंडीत ठेवा, दमवा, काहीही टोचा, शरीरात तेच तीन बदल दिसतात, अ‍ॅड्रिनल ग्रंथी फुगतात, प्रतिकारशक्तीशी संबंधित अवयव आक्रसतात आणि पोटात व्रण पडतात. त्यावरून त्यांनी तीन टप्पे मांडले, आधी धोक्याची घंटा, मग तग धरणं, मग थकून कोसळणं. अभ्यासक्रमात हे असतंच आणि ढोबळपणे उपयोगी पण आहे. (पुढे जुनी कागदपत्रं उघडी झाली तेव्हा कळलं की सेल्येंनी तंबाखू कंपन्यांकडून पैसे घेतले होते. आजारांचं खापर सिगरेटपेक्षा स्ट्रेसवर फुटलेलं त्या कंपन्यांना का आवडलं असेल ते वेगळं सांगायला नको.) आणि अल्सर म्हणजे टेन्शनचा आजार ही समजूतही अशीच बरीच वर्षं चालली, मग ऑस्ट्रेलियातल्या बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी दाखवून दिलं की त्यामागे बहुतेक वेळा एक जिवाणू असतो, २००५ चं नोबेल त्यांना त्यावरच मिळालं. त्यामुळे पोट सतत दुखत असेल तर आधी डॉक्टरला दाखवा, ‘टेन्शनमुळे होतंय’ असं घरीच ठरवून मोकळं होऊ नका.

सेल्येंच्या उंदरात एक गोष्ट नव्हती ती रिचर्ड लॅझारस या मानसशास्त्रज्ञांनी आणली. ते म्हणाले की तीच घटना एकाला ताण देते आणि दुसऱ्याला नाही, कारण मधे आपण दोन प्रश्न विचारतो, बरेचदा नकळत. याने माझं काही बिघडणार आहे का? आणि बिघडणार असेल तर मला ते झेपेल का, माझ्याकडे काय आहे, कोण आहे? पहिल्याला हो आणि दुसऱ्याला नाही असं उत्तर आलं की ताण. दहावीचा पेपर सोपा गेला तरी ज्याच्या घरी शेजारचा नव्वद टक्केवाला रोज जेवणाच्या ताटावर वाढला जातो त्याचं पोट निकालापर्यंत ढवळत राहतं. आणि मला विचाराल तर दुसऱ्या प्रश्नातलं ‘कोण आहे’ हे सगळ्यात महत्त्वाचं, सगळं तिथेच फिरतं.

हे ‘लोक’ आपल्याकडून काय काय करून घेतात याचा सर्वात साधा प्रयोग मानसशास्त्रज्ञ सॉलोमन अ‍ॅश यांचा, १९५१ चा. एका कार्डावर एक रेघ, दुसऱ्यावर तीन, त्यातली पहिलीएवढी कुठली ते सांगायचं. एकटा माणूस यात जवळपास चुकतच नाही. पण खोलीत बाकीचे सगळे अ‍ॅश यांनी शिकवून बसवलेले असायचे आणि ते एकामागून एक ठामपणे चुकीचं उत्तर द्यायचे, खऱ्या विद्यार्थ्याचा नंबर शेवटाकडे. अशा फेऱ्यांमध्ये साधारण एक तृतीयांश उत्तरं बहुमताच्या बाजूने गेली, म्हणजे डोळ्यांना धडधडीत दिसतंय ते सोडून. साधारण चारातले तीन जण निदान एकदा तरी वाहवले. क्लासमध्ये हे सांगितलं की सगळ्यांना वाटतं, शी, मी नाही असं करणार. पण याची दुसरी बाजू फारसं कुणी सांगत नाही, ती अशी की नुसता एक साथीदार दिला, बरोबर उत्तर देणारा फक्त एक, तर वाहवण्याचं प्रमाण साधारण चौथ्या हिश्श्यावर आलं. तो साथीदार वेगळंच चुकीचं उत्तर देत असला तरीही बाकीच्यांचा दबाव कमी व्हायचा. सोसायटीच्या मीटिंगमध्ये नाही म्हणणारा पहिला एक जण मिळाला की मग पाच जणांना कंठ फुटतो ते यामुळेच.

आणि वाहवत जाणाऱ्यांना नंतर विचारलं तर अनेकांनी सांगितलं की उत्तर चूक आहे हे कळत होतं, फक्त वेगळं पडायचं नव्हतं. वेगळं पडण्याची भीती फालतू आहे का? किपलिंग विल्यम्स नावाचे मानसशास्त्रज्ञ एकदा बागेत बसले होते, दोन अनोळखी लोकांची फ्रिस्बी त्यांच्याकडे आली, त्यांनी परत फेकली, त्या दोघांनी थोडा वेळ त्यांना खेळात घेतलं आणि मग काही न बोलता घेणं बंद केलं. त्यांना इतकं लागलं की त्यावरून त्यांनी एक कॉम्प्युटर गेम बनवला. स्क्रीनवर तिघं चेंडू फेकतात, थोड्या वेळाने बाकीचे दोघं तुम्हाला चेंडू देणंच थांबवतात. काही मिनिटांचा फालतू गेम, पण लोकांचा मूड पडतो, आपली किंमत कमी झाल्यासारखं वाटतं. पुढे तर त्यांनी खेळणाऱ्यांना आधीच सांगून पाहिलं की समोर माणसं नाहीत, कॉम्प्युटर आहे, तरी लागलंच! त्यामुळे फॅमिली ग्रुपवर सगळ्यांचे फोटो बघून हार्ट पडतात आणि आपल्या फोटोखाली शांतता, निळ्या टिका आल्यात आणि कुणी बोलत नाही, तेव्हा जे होतं त्यावर हसू नका. आपली वाढ टोळीत झाली, टोळीबाहेर काढलेला माणूस फार दिवस जगत नसे, डोक्यातली ती घंटा आपल्याला व्हॉट्सअ‍ॅपच्या आधीपासून मिळालीये.

इथे एक गंमत सांगायलाच हवी. आपल्याला वाटतं तेवढं लोक आपल्याकडे बघतच नसतात. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात २००० च्या सुमारास विद्यार्थ्यांना बॅरी मॅनिलो या गायकाचा मोठा चेहरा छापलेला टी-शर्ट घालायला लावला, त्या वयाच्या पोरांना तो घालणं म्हणजे लाज वाटण्यासारखंच होतं, आणि इतर मुलं बसलेल्या खोलीत पाठवलं. नंतर विचारलं, किती जणांनी पाहिलं असेल? घालणारे म्हणाले जवळजवळ अर्ध्यांनी. खरं तर पाव लोकांच्याही लक्षात आलं नव्हतं. लग्नात साडीवर डाळ सांडली, भाषणात नाव चुकलं, तर आपण आठवडाभर तेच घोळवतो, आणि बाकीचे पण आठवडाभर घोळवत असतात, पण त्यांचं स्वतःचं.

म्हणजे लोकांची नजर ताण देते आणि ती नजर अर्धी आपणच उभी केलेली असते. हे कळल्यावर भीती जाते का? नाही जात, पण थोडी सैल होते.

याहून अवघड गोष्ट म्हणजे लोकांची शांतता. १९६८ मध्ये लाताने आणि डार्ली या मानसशास्त्रज्ञांनी न्यूयॉर्कमध्ये विद्यार्थ्यांना एका खोलीत फॉर्म भरायला बसवलं आणि भिंतीतल्या फटीतून आत धूर सोडला. एकटा बसलेला असेल तर ७५ टक्के वेळा तो उठून सांगायला गेला. पण शेजारी आधीच पढवलेले दोघं खांदे उडवून फॉर्म भरत राहिले तर फक्त १० टक्के लोक उठले, बाकीचे डोळे चोळत, खोकत बसून राहिले. नंतर विचारलं तर कुणाला ती वाफ वाटली, कुणाला एसीचं काहीतरी. हे लोक भेकड नव्हते. त्यांनी शेजाऱ्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं, तिथे काळजी दिसली नाही, म्हणून काळजीचं काही नसेल असं धरलं. (हे संशोधन ज्या खुनावरून सुरू झालं, १९६४ मधला किटी जेनोवीजचा, त्यात ३८ जण नुसते बघत बसले ही बातमी फुगवलेली होती, ते नंतर बातमी छापणाऱ्या पेपरनेच मान्य केलं. प्रयोग मात्र टिकून राहिला. स्टॅनफोर्डच्या १९७१ च्या तुरुंग प्रयोगाबद्दल, ज्यात विद्यार्थ्यांनाच कैदी आणि रखवालदार बनवलं होतं, तसं म्हणवत नाही, तिथल्या रखवालदारांना कडक वागायच्या सूचना दिलेल्या होत्या हे आता रेकॉर्डिंगमधून कळलंय, त्यामुळे मी तो इथे घेतलाच नाहीये.)

हाच धूर ऑफिसात, हॉस्टेलात, घरात असतो. प्रत्येकाला झोप नाही, प्रत्येक जण रविवारी संध्याकाळपासून कासावीस, आणि प्रत्येक जण ‘मस्त, तू बोल’ म्हणतोय. मग ज्याला त्याला वाटतं की सगळे नीट चाललेत, मीच कच्चा. एकाने तोंड उघडलं तर कळतं की चार जण त्याच गाडीत आहेत.

बोलण्याने किंवा माणूस जवळ असण्याने शरीरात खरंच काही होतं का, का नुसतं बरं वाटतं? शेल्डन कोहेन या मानसशास्त्रज्ञांनी १९९७ मध्ये अमेरिकेत २७६ निरोगी स्वयंसेवकांच्या नाकात सर्दीच्या विषाणूचे थेंब घातले, वेगळं ठेवलं, आणि वाट बघितली कुणाला सर्दी होते. आधी त्यांना विचारून ठेवलं होतं की तुमचं नियमित बोलणं कुठकुठल्या नात्यांत होतं, जोडीदार, आईवडील, शेजारी, सहकारी, मित्र, एखादं मंडळ, देवळातले लोक वगैरे. ज्यांची अशी सहा किंवा जास्त प्रकारची नाती होती त्यांच्या मानाने एक ते तीनच असलेल्यांना सर्दी व्हायची शक्यता चौपटीहून जास्त निघाली. लक्षात घ्या, किती मित्र हे नाही, किती प्रकारची नाती हे. मला हे फार पटतं, कारण सगळे मित्र ऑफिसातलेच असतील तर ऑफिसात बिनसलं की एका फटक्यात सगळं जातं, भजनी मंडळ, क्रिकेटची टीम, मावशी, जुना शाळूसोबती असं विखुरलेलं असेल तर एक बाजू कोसळली तरी दुसरी उभी असते. त्याच लोकांवर पुढे असंही दिसलं की महिनाभराहून जास्त चाललेला ताण सर्दीची शक्यता वाढवतो, थोडे दिवस आलेला मोठा धक्का तसा नाही. आणि लांबलेल्या ताणात मुख्य दोन होते, नोकरी नसणं किंवा पुरेशी नसणं, आणि जवळच्या माणसांशी न मिटणारं भांडण.

शेवटचं वाक्य परत वाचा, कारण त्यात मेख आहे. नाती औषध आहेत हे सगळे सांगतात, पण खराब नातं हे एकटेपणाइतकंच महाग पडू शकतं. २००६ मधला एक छोटा अभ्यास आहे, फक्त १६ विवाहित बायकांचा, त्यामुळे फार डोक्यावर घ्यायचा नाही. त्यांना मेंदूच्या स्कॅनमध्ये ठेवून पायाला शॉक बसेल अशी धमकी दिली. नवऱ्याचा हात धरला तर मेंदूतली धोक्याची हालचाल कमी झाली, अनोळखी माणसाचा हात धरला तरी थोडी कमी झाली, आणि संसार जितका सुखाचा तितका नवऱ्याच्या हाताचा फायदा जास्त. ‘लग्न कर, सगळं नीट होईल’ म्हणणाऱ्या नातेवाईकांना हा शेवटचा भाग ऐकवायला हरकत नाही.

आता ताण कुठे संपतो आणि आजार कुठे सुरू होतो, कारण टेन्शन, डिप्रेशन, अँक्झायटी हे सगळं आपण एकाच वाटीत कालवतो. ताणाला बहुतेक वेळा कारण दिसतं आणि कारण गेलं की तो उतरतो. नैराश्यात कारण असो वा नसो, उदासी किंवा कशातच रस न वाटणं दिवसाचा बराचसा वेळ, जवळजवळ रोज, निदान दोन आठवडे टिकतं, आणि त्याबरोबर झोप-भूक बिघडते, थकवा, लक्ष न लागणं, आपण बिनकामाचे आहोत असं वाटणं, कधी जगू नये असं वाटणं. आपल्याकडे तर पेशंट बरेचदा ‘मन उदास आहे’ असं सांगतच नाही, डोकं दुखतंय, अंग जड आहे, पोट साफ होत नाही असं सांगतो आणि रिपोर्ट सगळे नॉर्मल येतात. घरचे म्हणतात काहीच झालेलं नाही, नाटकं करतोय. मन खंबीर कर हा सल्ला इथे डायबेटिसवाल्याला साखर मनावर घेऊ नको म्हणण्यासारखा आहे.

निम्हान्स या बंगळुरूच्या मानसिक आरोग्य संस्थेच्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय पाहणीत साधारण १०.६ टक्के प्रौढांना त्या वेळी कुठला ना कुठला मानसिक आजार होता, आणि आजारानुसार ७० ते ९२ टक्के लोकांना उपचारच मिळत नव्हते. (ती पाहणी १२ राज्यांत झाली, महाराष्ट्र त्यात नव्हता.) उपचार न मिळण्याची कारणं अनेक, डॉक्टर कमी, पैसे, अंतर, पण परत तेच, लोक काय म्हणतील. राज्यातली चार सरकारी मनोरुग्णालयं ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरीला, आणि पुण्याकडे ‘याला येरवड्याला पाठवा’ हा चेष्टेचा प्रकार इतका रुळलाय की साधं कौन्सेलिंगला जाणारा माणूसही घरी ‘बँकेत जाऊन येतो’ सांगून निघतो. खरं म्हणजे बहुतेकांना ॲडमिट व्हायची वेळच येत नाही, ओपीडीत किंवा क्लिनिकमध्ये जाऊन-येऊनच काम होतं.

कुणाकडे जायचं हा घोळ पण मिटवतो. सायकियाट्रिस्ट म्हणजे एमबीबीएस करून मानसोपचारात पुढचं शिक्षण घेतलेला डॉक्टर, तो गोळ्या लिहू शकतो. सायकॉलॉजिस्ट बोलून उपचार करतो, म्हणजे विचारांच्या सवयी, वागणं यांवर काम, गोळ्या लिहीत नाही. बरेचदा दोन्ही लागतात. नैराश्याच्या गोळ्यांचा परिणाम दिसायला काही आठवडे जातात, त्रास मात्र, मळमळ वगैरे, पहिल्याच दिवसांत दिसतो, त्यामुळे लोक दहाव्या दिवशी ‘काही उपयोग नाही’ म्हणून बंद करतात, किंवा बरं वाटायला लागलं की मनानेच सोडतात. दोन्ही करू नका, डॉक्टरला विचारून हळूहळू कमी करतात त्या. मानसिक आरोग्य कायदा २०१७ चा आहे, त्यानुसार विमा कंपन्यांना मानसिक आजार शारीरिक आजारासारखाच धरावा लागतो, पण ओपीडीचा खर्च मिळेल का ते पॉलिसीवर ठरतं, एकदा कागद बघून घ्या.

फोन करायचा असेल तर टेली-मानस, नंबर १४४१६, सरकारी आहे, ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, चोवीस तास आणि फुकट, मराठीतही बोलतात. स्वतःसाठी नाही तर घरातल्या कुणाबद्दल विचारायलाही करता येतो.

आणि समोरचा कुणी ‘आता जगण्यात अर्थ नाही’ अशा सुरात बोलत असेल तर सरळ विचारा, जीव द्यायचे विचार येतायत का. विचारल्याने डोक्यात विचार घुसतो असं बऱ्याच जणांना वाटतं, पण अभ्यासांत तसं दिसलेलं नाही, उलट कुणीतरी विचारलं म्हणून माणसाला बोलता येतं. हो म्हणाला तर व्याख्यान देऊ नका, आईबापांचा विचार कर वगैरे तर अजिबात नको, ऐका, त्याला एकटं सोडू नका, घरात औषधं, कीटकनाशक असं काही असेल तर हाताशी राहणार नाही ते बघा, आणि त्याच्यासोबत बसूनच १४४१६ लावा किंवा जवळच्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत घेऊन जा.